ऑस्ट्रेलियात महिनाभर गाडी आणि तंबू: तुमचे प्रश्न

गेल्या अंकात म्हटलं होतं की ऑस्ट्रेलियात गाडी भाड्याने घेऊन आउटबॅक (म्हणजे आतला ओसाड, विरळ वस्तीचा भाग) आणि समुद्रकिनारा असं कॅम्पिंग करायचं असेल तर प्रश्न पाठवा, आणि पत्रं भरपूर आली, बहुतेक मुंबई-ठाण्याची, आणि बऱ्याच जणांचा बेत मे महिन्याचा. सारखे प्रश्न एकत्र केलेत. किमती फार दिलेल्या नाहीत कारण त्या बदलत राहतात, बुकिंगच्या वेळी बघालच.

प्रश्न: ताई, आम्ही चौघं आहोत, मी, मिस्टर आणि दोन मुलं, मोठा १४ वर्षांचा आणि धाकटी ६ ची. मे महिन्यात तीन आठवडे कॅम्परव्हॅन (आतच झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घ्यायचीय. सिडनीला उतरायचं, ग्रेट ओशन रोड, मग उलुरूचा मोठा खडक, मग केर्न्सला ग्रेट बॅरियर रीफ आणि जमलं तर पर्थ. मिस्टर म्हणतात समृद्धीवर आपण एका दिवसात मुंबई-नागपूर केलं, तिथे तर ट्रॅफिकच नाही. रूट बरोबर आहे का? (दादर)

उत्तर: नाही, आणि हे आत्ताच सांगते कारण तिकिटं काढल्यावर कोणी ऐकत नाही. पर्थ सोडून दिलं तरी हा रूट सहा हजार किलोमीटरच्या वर जातो. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे, एक दिवस दमलात, दुसऱ्या दिवशी नागपूरला नातेवाइकांकडे झोपलात. इथे दुसऱ्या दिवशी परत तेवढंच, तिसऱ्या दिवशी परत, आणि संध्याकाळी पोचल्यावर गाडी लेव्हल करायची, स्वयंपाक करायचा, भांडी घासायची, मुलांच्या अंघोळी. त्यात मे महिन्यात मध्य ऑस्ट्रेलियात संध्याकाळी सहाच्या आसपास सूर्य मावळतो, आणि अंधारात गाडी चालवायची नाही (त्याबद्दल पुढच्या उत्तरात). म्हणजे हातात दिवस असतो तो सकाळी आठ ते दुपारी चार. त्यात ४०० किलोमीटर ठीक, ५०० म्हणजे खूप झालं, आणि दोन दिवस चाललात की तिसरा दिवस गाडी हलवायची नाही. हा हिशोब धरा आणि मग नकाशा उघडा.

मी तुमच्या जागी असते तर अ‍ॅडलेडला उतरले असते आणि डार्विनहून परतले असते. सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे दोन्हीकडे जाता येतं. मधला रस्ता म्हणजे स्टुअर्ट हायवे, सगळा डांबरी, पोर्ट ऑगस्टा ते डार्विन साधारण २,७०० किलोमीटर, आणि आजूबाजूची वळणं धरली की एकूण साडेचार हजारांच्या आसपास. तीन आठवड्यांत हे होतं आणि समुद्र, वाळवंट, जंगल तिन्ही मिळतं.

पहिला दिवस अ‍ॅडलेडला किराणा आणि झोप, लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच हायवेवर जायचं नाही. मग यॉर्क पेनिन्सुलाच्या टोकाला, इनिस नॅशनल पार्कात तीन रात्री. समुद्र अगदी जवळ, एमू आणि कांगारू तुमच्या टेबलाच्या बाजूने फिरतात, आणि खाली एथेल बीचवर १९०४ साली किनाऱ्याला लागलेल्या एथेल जहाजाचा गंजलेला सांगाडा वाळूतून वर आलेला दिसतो. मे मध्ये पाणी गार असतं, पोहायला नाही जायचं, पण गाडीत राहायची सवय लावायला ही जागा फार चांगली. कोणती पिशवी कुठे, रात्री दिवे कुठे, पाण्याची टाकी किती पुरते हे इथे कळतं, आणि काही विसरलं असेल तर दुकानं अजून जवळ असतात.

पोर्ट ऑगस्टा हे शेवटचं मोठं गाव, तिथे सगळं भरून घ्या. पुढे ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी सुमारे २५० किलोमीटर मध्ये पेट्रोल नाही. टाकी अर्धी झाली की भरायची हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा, पुढचं रोडहाउस (हायवेवरचा पंप आणि खानावळ) स्वस्त असेल म्हणून थांबू नका. कूबर पेडीला १९१५ साली ओपल हे रत्न सापडलं आणि माणसं खाणीसारखी घरं खणून जमिनीखाली राहायला लागली, कारण उन्हाळ्यात वर चाळिशीच्या पुढे तापतं आणि खाली तापमान जवळजवळ स्थिर राहतं. एक रात्र तिथे जमिनीखालच्या खोलीत झोपा, मुलं विसरणार नाहीत.

तिथून उलुरूपर्यंत सातशेच्या वर किलोमीटर आहेत, ते दोन दिवसांत करा, मध्ये मार्ला किंवा अर्लडंडा ह्या ठिकाणी मुक्काम. उलुरूच्या पार्कात कॅम्प करता येत नाही, कॅम्पग्राउंड बाहेर युलाराला आहे आणि ते आधी बुक करावं लागतं. खडक ३४८ मीटर उंच आहे, पण चढायचं नाही. तिथल्या मूळच्या अनांगू लोकांसाठी ती पवित्र जागा आहे आणि ऑक्टोबर २०१९ पासून चढाई कायमची बंद झाली. पायथ्याभोवती साधारण दहा किलोमीटरची वाट आहे, ती सकाळी लवकर चाला. काही ठिकाणी फोटो काढू नका अशा पाट्या आहेत, त्या मुलांना आधीच वाचून दाखवा.

अ‍ॅलिस स्प्रिंग्सला दोन रात्री. एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. अ‍ॅडलेड ते डार्विन धावणाऱ्या ट्रेनचं नाव 'द घान', ते 'अफगाण' उंटवाल्यांवरून आलंय असं मानतात. रेल्वे आणि ट्रक यायच्या आधी ह्या वाळवंटात सामान उंटांवरून जायचं, आणि १८६० च्या दशकात ते उंट आणि त्यांचे हाकणारे कराचीहून जहाजात चढले, आणि तेव्हा कराची बॉम्बे प्रेसिडेन्सीत होतं. तिथे सगळ्यांनाच अफगाण म्हणायचे, पण त्यात बलुची, सिंधी, पंजाबी पुष्कळ होते. आज जे जंगली उंट रस्त्याकडेला दिसतात ते त्याच उंटांचे वंशज.

पुढे कार्लू कार्लूचे गोल दगड (नकाशात डेव्हिल्स मार्बल्स), मग मातारांकाचे कोमट पाण्याचे झरे, कॅथरीन, काकाडू नॅशनल पार्कात तीन रात्री आणि डार्विन. काकाडूत उबिर नावाच्या जागी खडकावरची जुनी चित्रं आहेत आणि वरून पाणथळ माळ दिसतो, तिथे संध्याकाळी जा, कॅम्प जवळच ठेवा. मे महिन्याच्या सुरुवातीला काकाडूतले काही कच्चे रस्ते पावसाळ्यानंतर अजून उघडलेले नसतात, त्यामुळे सगळे धबधबे मिळतीलच असं धरू नका.

मे निवडलात हे मात्र फार चांगलं. उत्तरेकडे नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा आणि मध्य भागात डिसेंबर-जानेवारीत भयंकर ऊन. दिवाळीच्या सुट्टीत जायचं म्हणणाऱ्या दोन पत्रांना हेच उत्तर: नोव्हेंबरमध्ये डार्विनकडे जाऊ नका, दक्षिण किनारा करा. ग्रेट ओशन रोड साधारण २४० किलोमीटरचा आहे, पहिल्या महायुद्धाहून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मध्ये बांधला, आणि दिवाळीच्या सुट्टीत तो पाच-सहा दिवसांत निवांत होतो.

प्रश्न: दरवर्षी गणपतीला आम्ही रात्री दहाला कांदिवलीहून निघतो आणि सकाळी मालवण. रात्रीच्या ड्रायव्हिंगची पूर्ण सवय आहे. तिथे रात्री चालवून दिवस वाचवले तर? (कांदिवली)

उत्तर: नको. सवय तुम्हाला आहे, कांगारूला नाही. कांगारू, वॉलबी, एमू तिन्हीसांजेला आणि पहाटे रस्त्याकडेच्या गवतासाठी येतात आणि हेडलाइट दिसला की पळून जाण्याऐवजी कधी कधी थेट समोर उडी मारतात. बऱ्याच भागात कुंपणं नाहीत, त्यामुळे हायवेवर गाई-बैल बसलेले असतात, काळ्या डांबरावर काळा बैल, तुमचा वेग ११०. ब्रेक लागेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि दुसरं म्हणजे भाड्याच्या कॅम्परव्हॅनच्या करारात बहुतेक वेळा लिहिलेलंच असतं की शहराबाहेर सूर्यास्त ते सूर्योदय गाडी चालवली तर विमा लागू नाही. म्हणजे नुकसान झालं तर पूर्ण तुमच्या खिशातून. प्राणी अचानक आलाच तर ब्रेक दाबा पण स्टेअरिंग झटकू नका, गाडी उलटण्याचे अपघात त्यातूनच होतात.

रोड ट्रेनबद्दलही विचारलंय. हे ट्रक तीन-चार ट्रेलर लावून ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. समोरून आला की हवेचा एक धक्का बसतो, उंच कॅम्परव्हॅन आधी बाहेर ढकलली जाते आणि लगेच आत ओढली जाते, पहिल्यांदा घाबरायला होतं. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरा, थोडं डावीकडे राहा, वेग कमी करा. ओव्हरटेक करायचं तर एक किलोमीटरभर मोकळा रस्ता दिसल्याशिवाय करू नका, आणि मागून आला तर त्याला जाऊ द्या, रेस्ट एरियात पाच मिनिटं थांबून चहा प्या. नॉर्दर्न टेरिटरीत हायवेच्या काही भागात वेगमर्यादा १३० आहे, पण कॅम्परव्हॅन ९०-१०० वर ठेवा, पेट्रोलही कमी लागतं.

प्रश्न: आई-बाबा सोबत आहेत, दोघं शुद्ध शाकाहारी. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, लोणचं, तूप, पेढे, कढीपत्ता सगळं न्यायचा विचार आहे. चालेल ना? आणि छोटा गॅस स्टोव्ह आहे तोही नेऊ का? (विलेपार्ले)

उत्तर: पेढे, बर्फी, खव्याचं काहीही, ताजा कढीपत्ता, लिंबं, मिरच्या, फळं, ह्यातलं काहीही नाही. दुधाचे पदार्थ आणि ताजी पानं-फळं ह्याबाबतीत तिथले लोक फार कडक आहेत, कारण रोग आणि किडी देशात आल्या तर शेती आणि गुरं धोक्यात येतात. तूप तिथेच इंडियन स्टोअरमध्ये घ्या. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, लोणचं न्यायचं असेल तर शक्यतो दुकानातलं बंद पाकीट, त्यावर इंग्रजीत काय आहे ते छापलेलं, आणि सगळं एका पिशवीत वर ठेवा. विमानात जे कार्ड भरायला देतात त्यात खाण्याच्या वस्तू आहेत का ह्याला 'हो' लिहा. हे सगळ्यात महत्त्वाचं. 'हो' लिहून दाखवलं तर फार तर ती वस्तू काढून घेतील, 'नाही' लिहिलं आणि सापडलं तर मोठा दंड होतो आणि व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. आईंना हे समजावून सांगा, कारण डबा कुठल्यातरी साडीच्या घडीत असतो आणि आपल्याला माहीत नसतं.

गॅसचं कॅनिस्टर विमानात कुठल्याच सामानात चालत नाही आणि वापरलेला स्टोव्हही बऱ्याचदा अडवतात. नेऊ नका, व्हॅनमध्ये शेगडी असतेच आणि जास्तीची हवी असेल तर अ‍ॅडलेडला कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात स्वस्त मिळते. तीन लिटरचा कुकर मात्र घरून न्या. डाळ-तांदूळ, कणीक, पोहे अ‍ॅडलेडला घ्या, भाज्या पोर्ट ऑगस्टा, अ‍ॅलिस स्प्रिंग्स आणि कॅथरीनला. मधल्या रोडहाउसमध्ये शाकाहारी म्हणजे चिप्स आणि चीज सँडविच एवढंच धरून चाला. गावांतल्या बागांमध्ये सार्वजनिक बार्बेक्यूचे तवे असतात, थालिपीठाला अगदी छान, पण त्यावर सगळे मांस भाजतात, तेव्हा ज्यांना चालत नाही त्यांनी जाड अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरून करावं किंवा सरळ स्वतःच्या शेगडीवर.

एक नियम सगळ्यांसाठी. उन्हाळ्यात कोरड्या वाऱ्याच्या दिवशी 'टोटल फायर बॅन' जाहीर होतो, त्या दिवशी उघड्यावर आग नाही, काही ठिकाणी गॅसची शेगडीसुद्धा नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, रोज सकाळी बघायचं. आणि एअरपोर्टवरची तपासणी झाली म्हणजे संपलं असं नाही, साउथ ऑस्ट्रेलियातून वेस्टर्न ऑस्ट्रेलियात जाताना नलारबोरच्या सीमेवर परत फळं, भाज्या, मध काढून घेतात, त्यामुळे त्या बाजूला जाणाऱ्यांनी आदल्या दिवशीच भाजी करून संपवावी.

प्रश्न: लायसन्स, गाडीचा प्रकार, खर्च ह्याबद्दल थोडक्यात. (डोंबिवली, मुलुंड आणि इतर)

उत्तर: आपलं स्मार्ट कार्ड लायसन्स इंग्रजीत असतं त्यामुळे पर्यटक म्हणून चालतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा, वर्षभर चालतं, काही भाड्याच्या कंपन्या मागतात. गाडी तिथेही डाव्या बाजूनेच. चौघांना मोटरहोम, दोघांना हाय-टॉप व्हॅन पुरे, आणि फोर बाय फोर घ्यायचं फक्त तेव्हाच जेव्हा खरंच कच्च्या रस्त्यावर जायचंय, म्हणजे ऊडनडॅटा ट्रॅक किंवा गिब रिव्हर रोड. साधी व्हॅन कच्च्या रस्त्यावर नेली की विमा गेला, 'फक्त दोन किलोमीटर आत आहे' हे कोणी ऐकत नाही. सात वर्षांखालच्या मुलांना तिथल्या मानकाची चाइल्ड सीट सक्तीची आहे, आपली नेलेली चालत नाही, म्हणून दादरच्या ताईंनी बुकिंग करतानाच विचारायचं की ह्या व्हॅनमध्ये ती बसते का.

खर्चात लोक इंधन आणि वन-वे फी (गाडी एका शहरात घेऊन दुसऱ्या शहरात सोडायचे पैसे) विसरतात. व्हॅन १०० किलोमीटरला १२ लिटर खाते धरा, साडेचार हजार किलोमीटरला ५४० लिटर, लिटरला दोन डॉलर धरले तर हजार डॉलरच्या वर, आणि आउटबॅकमध्ये दर ह्याहून चढे. काही पंपांवर साध्या पेट्रोलऐवजी 'लो अॅरोमॅटिक' इंधन असतं (पूर्वी ह्याला ओपल म्हणायचे), साध्या पेट्रोलच्या गाडीत ते निर्धास्त भरा. मुक्कामाला एक दिवस कॅरव्हॅन पार्क (वीज, गरम पाणी, कपडे धुवायचं मशीन) आणि दोन दिवस साधी जागा असं आलटून पालटून केलं की पैसेही वाचतात आणि अंगही.

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी, २६ वर्षांच्या. घरचे म्हणतात रेंज नसेल तर काय कराल. सॅटेलाइट फोन घ्यावा का? टॉयलेटचं काय? (ठाणे)

उत्तर: घरच्यांची काळजी बरोबर आहे, रेंज खरंच नसते. टेल्स्ट्राचं नेटवर्क सगळ्यात लांब जातं, त्यांचंच सिम घ्या, तरीही दोन गावांच्या मध्ये तास-तासभर काहीच नसतं. तातडीचा नंबर ०००, मोबाइलवरून ११२ पण लागतो. सॅटेलाइट फोन किंवा पीएलबी, म्हणजे बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचाव पथकाला जागा कळवणारं छोटं यंत्र, हे तिथेच भाड्याने घ्या आणि तिथेच परत करा. सॅटेलाइट फोन तिथे विकत घेऊन भारतात आणायचा नाही, परवानगीशिवाय तो इथे बेकायदा आहे आणि एअरपोर्टवर मोठी अडचण होते.

घरच्यांशी रोजचा नियम ठरवा: सकाळी निघताना कुठून कुठे तो मेसेज, संध्याकाळी पोचल्याचा मेसेज, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच आलं नाही तर कोणाला फोन करायचा हे त्यांच्याकडे लिहून. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचं नाही, कितीही जवळ वाटलं तरी. वरून शोधणाऱ्यांना गाडी दिसते, माणूस दिसत नाही, आणि सावली आणि पाणी गाडीतच असतं. माणशी दिवसाला निदान पाच लिटर पिण्याचं पाणी, शिवाय एक दिवसाचं जास्तीचं. रेस्ट एरियातल्या टाकीचं पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही.

टॉयलेट बऱ्याच रेस्ट एरियात असतात, खड्ड्याचे, पण साधारण स्वच्छ. कागद आणि सॅनिटायझर स्वतःचा. पहिल्या आठवड्यात निर्मनुष्य जागी एकट्या न राहता जिथे दोन-तीन कॅरव्हॅन आधीच उभ्या आहेत तिथे थांबा. निवृत्त ऑस्ट्रेलियन जोडपी महिनोन्‌महिने अशी फिरतात, तीच तुम्हाला कुठला नळ चालू आहे हे सांगतील.

प्रश्न: वसईचे आहोत, लहानपणापासून समुद्रात पोहतो. तिथे पोहता येईल ना? (वसई)

उत्तर: दक्षिणेला लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये, हो. झेंडे नसतील तिथे रिप करंटचा (समुद्रात आत ओढून नेणाऱ्या प्रवाहाचा) अंदाज बाहेरच्या माणसाला येत नाही, कितीही पट्टीचा पोहणारा असो. उत्तरेला, डार्विनकडे, समुद्र, नदी, खाडी कुठेही नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी गोड्या पाण्यातही लांबवर आत येतात, आणि ऑक्टोबर ते मे बॉक्स जेलीफिश असतात. मासे धरायला काठावर वाकायचं नाही, तंबू पाण्यापासून लांब. पोहायचंच असेल तर लिचफील्ड पार्कातले धबधब्यांखालचे डोह, तेही त्या दिवशी 'उघडं' अशी पाटी असेल तरच.

प्रश्न: वय ६७, मिसेस ६३, दोघांना बीपी आणि मला शुगर. मुलगा म्हणतो ह्या वयात तंबू नको. (गिरगाव)

उत्तर: काका, तंबू नको हे मुलाचं बरोबर आहे, प्रवास नको हे नाही. जमिनीवरून उठबस करायची नाही, आतच पलंग आणि टॉयलेट असलेली मोटरहोम घ्या आणि रात्री विजेच्या जोडणीच्या जागी थांबा, कारण मे-जूनमध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्सकडे रात्री पारा पाच अंशांच्या आसपास, कधी शून्याजवळ जातो आणि हीटर लागतोच. इन्शुलिन असेल तर फ्रीज रात्रभर चालतो ना हे गाडी ताब्यात घेतानाच तपासा. गोळ्या पूर्ण प्रवासाच्या आणि वर दहा दिवसांच्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सोबत, आणि निम्म्या एकाच्या पिशवीत, निम्म्या दुसऱ्याच्या. प्रवास विम्यात आधीचे आजार लिहा, लपवू नका, नाहीतर ऐन वेळी क्लेम नाकारतात. आउटबॅकमध्ये विमानाने डॉक्टर पोचवणारी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस आहे, १९२८ पासून, अ‍ॅलिस स्प्रिंग्सला त्यांचं केंद्र बघताही येतं. पण तिथलं हॉस्पिटल पर्यटकाला महाग पडतं, म्हणून विमा मोठ्या रकमेचा.

रोज ३०० किलोमीटरच्या वर जाऊ नका, आणि तीनऐवजी पाच आठवडे काढा, तुमच्याकडे सुट्टीचं बंधन नाही. निघायच्या आधी एकदा इथेच कोकणात नाहीतर नाशिककडे कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन दोन रात्री राहून बघा, मुलालाही बरोबर न्या. गाडीत रात्री दोनदा उठायला जमतंय का, काकूंना त्या छोट्या ओट्यावर उभं राहून पोळ्या करायच्या आहेत का की भात-पिठल्यावर भागवायचं, हे त्या दोन रात्रींत ठरवा आणि मग व्हिसाचा अर्ज भरा.